‘फक्त 1’वाल्या सरांना

सर, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. ‘नुसता 1 लिहून पेटीत टाकलेलं मत अर्धंच’ असं मी त्या निवडणुकीवरच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही तापलात. दुसरी पसंती दिली की आपल्याच उमेदवाराला मारक ठरते, आणि बाकीचे सगळे नालायक असतील तर आकडे घालायचे कुणापुढे, असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्यावर मी हरलो. 1 सक्तीचा, पुढचे ऐच्छिक, हा नियमच आहे. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधिगृहासाठी प्रत्येक नावापुढे आकडा घालावाच लागतो, तसं आपल्याकडे नाही. ‘अर्धं’ मागे घेतो.

पहिलं मात्र पटत नाही. पदवीधरची जागा एकच. तुमचा 2 कधी बघतात? तुमचा माणूस सगळ्यांत कमी मतं मिळून शर्यतीतून बाद झाला, तरच. तोवर मतपत्रिका त्याच्याच गठ्ठ्यात. मग मारक कुणाला? ‘साहेब, फक्त 1 बरं का’ हे नाशकात मतदान केंद्राबाहेरच्या टेबलावर नमुना मतपत्रिका देणारा कार्यकर्ता कानात सांगतो. विरोधकांची मतं एकमेकांकडे वळली नाहीत, तर फायदा पहिल्या फेरीत पुढे असलेल्याचा. तो कार्यकर्ता कुणाचा होता, एवढं आठवून बघा.

1969 ची राष्ट्रपती निवडणूक घ्या. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं, 4,18,169. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची 4,01,515, संजीव रेड्डींना 3,13,548, तिसरे आपले सी. डी. देशमुख, 1,12,769. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीनं निकाल लागला: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. वैध मतांतून ही बेरीज वजा करा, दहा हजारांवर मतमूल्य (तिथे आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरलेलं वजन असतं) वाटेतच संपलेलं दिसेल. गिरी किंवा रेड्डींपुढे आकडाच नव्हता त्या मतपत्रिकांवर.

अशी मतं संपली म्हणून कोटा खाली येत नाही, तो पहिल्याच मोजणीत ठरतो. त्यामुळे शेवटी एकटा उरलेला उमेदवार कोट्याखाली राहूनही निवडून येऊ शकतो. नाशिक शिक्षक मतदारसंघात 2024 ला पहिल्या पसंतीवर कुणीच कोटा गाठला नव्हता, तुम्ही तिथले मतदार, तुम्हाला ती लांबलेली मोजणी आठवत असेलच.

तेव्हा सगळे नालायक, हे ठीक. पण अगदी सारखेच नालायक? असतील तर कोरं सोडा, माझी हरकत नाही.

तुमच्या सहकाऱ्यांनी अक्षरात ‘एक’ लिहिलं म्हणता, ते मत बाद. मराठी आकडा चालला असता.