अर्थ न बदलता

मुलगी दहावीत गेली त्या दिवशी मी छाती काढून म्हणालो, "इंग्रजीचं काही अडलं तर मला विचार." हे वाक्य मागे घ्यायची सोय कुठल्याच व्याकरणात नाही. मी शोधून पाहिलंय.

तेव्हापासून रोज रात्री आमच्याकडे 'डू ॲज डायरेक्टेड'चा तास भरतो. एक धडधाकट वाक्य घ्यायचं आणि त्याला निगेटिव्ह कर, पॅसिव्ह कर, तुलनेची डिग्री बदल, असं छळायचं. अट एकच: अर्थ बदलता कामा नये.

उदाहरणं घरातली दिली की डोक्यात बसतात, ही माझी समजूत. परवा ताटात कडक भाकरी होती. म्हटलं, "द भाकरी इज हार्ड. कर निगेटिव्ह." पोरीनं 'हार्ड'चा उलटा शब्द काढला, त्याच्या आधी 'नॉट' ठोकला: "द भाकरी इज नॉट सॉफ्ट." पैकीच्या पैकी मार्क! कौतुकाच्या भरात मी ते मराठीतून मोठ्यानं म्हटलं, "भाकरी मऊ नाही."

स्वयंपाकघरातली थापटी थांबली.

आता, सोलापुरात 'भाकरी कडक आहे' ही शाबासकी. पापडासारखी कडाकडा मोडणारी भाकरी आम्ही पाहुण्यांना चळतीनं बांधून देतो. पण 'भाकरी मऊ नाही' म्हणजे थेट तक्रार. "उद्यापासून मऊ आणा बाहेरून," आतून उत्तर आलं. हे वाक्य इम्परेटिव्ह होतं आणि त्याचं दुसरं काही करायची माझी हिंमत नव्हती.

'टू'चंही तसंच. 'फारच' या अर्थाच्या 'टू'च्या पोटात नकार दडलेला असतो, असं आमचे सर सांगायचे. म्हणून "द चटणी इज टू स्पायसी टू ईट" याचं "सो स्पायसी दॅट वन कॅनॉट ईट इट" करायचं. पोरगी म्हणाली, "पण पप्पा, आपण खातोय की." खरंच, तेल सुटेपर्यंत कुटलेली लालभडक शेंगाचटणी, वर दही, डोळ्यांतून पाणी काढत दोघंही तीच खात होतो. तिला म्हटलं, पेपरात 'कॅनॉट'च लिही. तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही.

डिग्रीला फार वेळ लागला नाही. सोलापूर 'वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज', 'हॉटर दॅन मोस्ट अदर सिटीज', 'व्हेरी फ्यू सिटीज आर ॲज हॉट ॲज सोलापूर'. तिन्ही लिहून झाली, डोक्यावरचा पंखा गरमच वारा फेकत राहिला.

व्हॉइस मात्र तिनं माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केला. माझा चहाचा कप फुटलेला दिसला, म्हणून विचारलं, कुणी फोडला? "द कप वॉज ब्रोकन." "बाय हूम?" "पप्पा, कर्ता महत्त्वाचा नसेल तर 'बाय' गाळतात."

खरी कुस्ती 'नो सूनर'शी. "ॲज सून ॲज द वॉटर केम, वुई रॅन." याचं करायचं "नो सूनर डिड द वॉटर कम दॅन वुई रॅन." पोरगी दर वेळी 'डिड केम' लिहिते. 'डिड' आला की क्रियापद पहिल्या रूपात, हे मी सतरा वेळा घोकून घेतलं. मग समजावलं, अगं, आपल्याकडे हे आहेच. पाणी आलं रे आलं की पळालो, हे 'ॲज सून ॲज'. पाणी येतं न येतं तोच गेलं, हे 'हार्डली'. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या पोरांना हे जन्मजात यायला हवं!

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारी ओरडले, "पाणी आलं बे!"

पुस्तक उपडं पडलं. सौ. हंडा घेऊन, मी पाइप घेऊन, आई काठी टेकत पिंपाकडे. मी तोटी पिरगाळली आणि तोंडातून गेलं, "काय बारीक धार आहे ही!"

मागून आवाज आला, "पप्पा, एक्स्क्लेमेटरी. असर्टिव्ह करा."

"धार फार बारीक आहे," मी बादली सरकवत म्हणालो.

"बरोबर," ती नळाकडे वाकून बघत म्हणाली. "अर्थ नाही बदलला."