सेवानि

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुमचं ते मशीन नानांनी दुरुस्त करून दिलं म्हणे?"

लिफ्टला चार मजले जायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात काय काय सांगणार? मी "हो" म्हणालो. ते "हो" अजून घशात अडकलंय.

मशीन म्हणजे आमच्या बंद गॅलरीत बसवलेलं छोटं सीएनसी राउटर. संगणकावर अक्षरं काढायची, ते लाकडात कोरतं. म्हणजे कोरणं अपेक्षित आहे. गेले दोन महिने ते मधूनच थांबत होतं. आणि तपासायला बसलं की ठणठणीत, दवाखान्याच्या दारात खोकला थांबणाऱ्या पोरासारखं. थांबलं की स्क्रीनवर 'अलार्म १'. अर्थ असा, की हार्ड लिमिटचं बटण, म्हणजे मशीन कडेला आपटू नये म्हणून टोकाला बसवलेला स्विच, दाबलं गेलंय, आता मशीनला आपण नेमके कुठं आहोत ते बहुधा आठवत नाही, तरी पुन्हा घरी, म्हणजे शून्याच्या जागी, जाऊन सुरुवात करावी. बटण मात्र वीतभर लांब. त्याला माशीसुद्धा शिवलेली नसायची.

हे एरवी चार भिंतींच्या आत राहिलं असतं. पण त्या वेळी मशीनच्या बेडवर पाटी होती नानांची.

नाना समोरच्या दारातले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सागवानी पाटीवर वर नाव आणि खाली 'सेवानिवृत्त उपअभियंता' हवं होतं. मी खालची ओळ आधी कोरायला घेतली, ही पहिली चूक. नानांना बघायला बोलावलं, ही दुसरी.

पहिली पाटी 'सेवा'वर थांबली. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली. "वाईट नाही. पण जरा जास्तच नम्र वाटतं."

दुसरी पाटी 'सेवानि'. "प्रगती आहे," नाना म्हणाले.

तिसरी थेट 'सेवानिवृत्त उप'पर्यंत गेली. नाना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "उप काय रे? उपवास? उपद्रव? येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजायचं?"

तीन सागवानी फळ्या. लाकूड माझं, हे इथं नमूद करतो, कारण नानांनी ते कुठंच नमूद केलेलं नाही.

त्या दिवसापासून नाना रोज दहाला हजर. खिशात टेस्टर, बगलेत घरची उशी, कारण आमचं स्टूल त्यांना टोचतं. पहिल्याच दिवशी त्यांनी टेस्टर मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमला लावला आणि तो पेटला.

"करंट येतोय!" नाना ओरडले. "अगं ए, पोरांना आत घे!" हे आमच्या हिला. आमची पोरं हॉस्टेलला असतात.

मी मल्टिमीटर लावला. बॉडी आणि न्यूट्रलमध्ये एकशे दहा व्होल्ट. याचा अर्थ घराला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून गळणारा बारीकसा करंट जमिनीत जायला वाट शोधतो, ती नसली की बॉडी आपली दोनशे तीसच्या अर्ध्यावर लोंबकळत राहते. आमच्या इमारतीत थ्री-पिनचं तिसरं भोक हे कानाला टोचलेल्या भोकासारखं आहे, शोभेचं. खाली मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा होता म्हणतात. चार वर्षांपूर्वी कमिटीनं त्यावर पेव्हर ब्लॉक घातले. खड्डा उघडा आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी तरी टाका, असा अर्ज दिला. उत्तर आलं की पाणी जपून वापरण्याबाबत सूचना याआधीच लावलेली आहे. कारंजं मात्र सुरू असतं. दर रविवारी. यात विनोदी काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मी नॉइजच्या, म्हणजे वायरींत शिरणाऱ्या विजेच्या खरखरीच्या, मागे लागलो. पाचशे वॉटची स्पिंडल मोटर, तिचे ब्रश ठिणग्या टाकणार, शेजारून जाणाऱ्या लिमिट स्विचच्या वायरीत ती खरखर शिरणार आणि कंट्रोलरला बटण दाबल्याचा भास होणार. होतं असं, मी काही येडा नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन वन-ओ-फोरचे कपॅसिटर आणले. दुकानदारानं "किती, शंभर?" विचारलं. मला तीन हवे होते. त्यानं ते असे दिले, जसं कुणी देवळाबाहेर सुट्टे पैसे देतं. ते लावले, पुल-अप रेझिस्टर लावले, यूएसबी केबलला फेराइटचा मणी घातला. मशीन दोन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी 'अलार्म १'.

वायरमनला बोलावलं. तो वीस मिनिटं बसला, मशीन वीस मिनिटं हवेत निमूट फिरलं. "चालू तर आहे की साहेब," म्हणाला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. तो लिफ्टपाशी पोचला असेल-नसेल, मी फळी आवळून कापायला लावली. थांबलं.

या सगळ्या काळात नाना उशीवर बसून एकच वाक्य म्हणत होते. "कालवा फुटतो तो वळणावर."

"नाना, हे पाणी नाही."

"पाण्याचं आणि करंटचं सारखंच असतं. आमच्या तिकडं एकदा..." आणि मग एका चारीची गोष्ट, ज्यात दर वेळी ओव्हरसियर बदलायचा आणि गळती तीच राहायची. मी ती अकरा वेळा ऐकली आहे. बाराव्यांदा मी चिडून म्हणालो, "ठीक आहे नाना, दाखवा वळण!"

त्यांनी बोट दाखवलं. ड्रॅग चेन. वायरींना सांभाळत मशीनबरोबर पुढं-मागं सरकणारी ती प्लॅस्टिकची साखळी, जिथं दुमडते तिथं.

मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावला, वायर सलग असेल तर तो वाजतो. सलग पीऽऽऽ. बघा, म्हणालो. आणि नुसतं नानांना गप्प करायला म्हणून तिथं दोन बोटांनी वायर वाकवली. पी... पी, आणि मग काहीच नाही.

कव्हर शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. सरळ असताना टोकाला टोक टेकायचं, वळणावर आलं आणि लाकूड कापताना थरथर झाली की सुटायचं. तिन्ही पाट्या मी दर वेळी थोड्या डावीकडे आवळल्या होत्या. मशीनच्या हिशेबानं जागा तीच, तीनशे दहा मिलिमीटरच्या आसपास. 'प्रगती' होती ती एवढीच. वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून मीच स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलंच राहील असे, जोडले होते. म्हणजे मशीन दोन महिने खरं बोलत होतं.

नानांनी वायर हातात घेऊन निरखली. "ही नेटवाल्याची ना? उरलेली?"

लॅन केबलच होती. आत एकेरी तार, भिंतीत पडून राहायला बनलेली. रोज हजार वेळा वाकायला नव्हे. तिथं बारीक तारांची लवचिक केबल लागते. मीटरला चाळीस रुपये. मी पाच मीटर वाचवले होते.

"फुकटची," नाना म्हणाले, आणि उशी उचलून घरी गेले. वाटेत बहुतेक प्रत्येक मजल्यावर थांबत.

पाटी आता त्यांच्या दारावर आहे, अख्खी. पैसे विचारले तेव्हा म्हणाले, "दुरुस्तीचे वळते करून घे."

आणि काल सकाळी खाली सोसायटीचा पंप सुरू झाला, आमचा दिवा किंचित लवला आणि मशीन थांबलं. 'अलार्म १'. नवी केबल, शिल्डेड, सगळं शाबूत. मी आधी उठून पुढचं दार लावून घेतलं. मग मल्टिमीटर शोधला.