पालक, पाळक आणि पी-व्हॅल्यू

एकतीस वर्षं वॉर्डात काढली. निवृत्तीच्या दिवशी हार घालता घालता पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, "सिस्टर, आता निवांत आहात, तर आपलं त्रैमासिक बघा." ख्रिस्ती परिचारिकांच्या त्रैमासिकाची मी संपादक झाले ती अशी. ऑफिस म्हणजे मिशन हॉस्पिटलची जुनी लिनन रूम. डांबरगोळ्यांचा वास अजून जात नाही आणि लेख वाचताना आपण चादरीच मोजतोय असं वाटतं.

तसं वाटायला कारणही आहे. दहातल्या आठ लेखांचं नाव एकच: 'निवडक रुग्णालयातील परिचारिकांच्या अमुक विषयावरील ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता'. अमुकच्या जागी कधी हात धुणं, कधी बेडसोअर. साठ जणी गोळा करायच्या, प्रश्नपत्रिका द्यायची, पाऊण तास शिकवायचं आणि आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. ज्ञान वाढतंच. न वाढून जाईल कुठे? पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता, ०.०५ च्या आत, आणि सुरुवातीला बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला. त्याने वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, यावर आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांनी समासात लिहिलं, "द्राक्षारस एक वेळ चालेल. तेल कशासाठी?"

मेचा अंक आधुनिक परिचर्येच्या जनक, दिवा घेऊन रुग्णांत फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा. चित्रकार दरवर्षी त्यांच्या हाती अल्लाउद्दीनचा दिवा देतो. बाईंकडे होता घडीचा तुर्की कंदील, हे मी दरवर्षी सांगते. आणि देवाची हाक ऐकून या कामात आलेल्या त्याच बाईंना १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने पहिली महिला सभासद करून घेतलं होतं, हेही सांगते. चित्रकार म्हणतो, "मॅडम, तक्ते कव्हरवर उठाव देत नाहीत."

खरा कस लागला तो 'शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना आणि रुग्णाची भीती' या लेखाने. परीक्षक दोन: पाळकसाहेब आणि संख्याशास्त्राचे एक सर. सरांनी विचारलं, कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी प्रार्थनेविना ठेवलेला गट, कुठे आहे? लेखिकेने बिचारीने तीस रुग्ण प्रार्थनेविना ठेवून लेख पुन्हा पाठवला. आता पाळकसाहेब उसळले: "तीस माणसं प्रार्थनेवाचून ऑपरेशनला पाठवली?" तिकडे सरांचं वेगळंच. या तिसांसाठी घरी सासूने प्रार्थना केली नाही, याची खात्री कशी केली? लेखिकेने प्रामाणिकपणे कळवलं, "एका सासूबाईंनी केली आहे. पण सुनेसाठी काय मागितलं ते सांगत नाहीत."

मग सरांनी हुकमाचं पान टाकलं. २००६ सालचा अमेरिकेतला अभ्यास, बायपासचे १८०२ रुग्ण. 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार' असं ज्यांना पक्कं सांगितलं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. 'होईल किंवा होणार नाही' एवढंच सांगून ज्यांच्यासाठी केली, त्यांच्यात ५२ टक्के. मी धास्तावतच कागद पाळकसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबरच आहे. खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर, असं प्रभूने सांगितलंच आहे. यांनी रुग्णाला सांगितलं कशाला?" सरांचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्या अंकाच्या प्रुफात डीटीपीवाल्याने सगळीकडे पाळकांचे 'पालक' केले होते. मी फोनवर खडसावलं, "पालक नाही, पाळक! सगळीकडे बदल." गुणी मुलगा. त्याने एका बटणात सगळीकडे बदललं. अंक पोस्टात पडल्यावर मी रक्तक्षयाचा लेख उघडला. पान तेवीस: 'लोहासाठी आठवड्यातून तीनदा पाळक निवडून, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून घ्यावा. फार शिजवू नये.'

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

"सिस्टर, पान तेवीस वाचलं."

"साहेब, माफ करा, ते डीटीपीवाल्याने..."

"ते असू द्या. वरून लिंबू पिळलं तर लोह अंगाला चांगलं लागतं ना? ते लिहायचं राहिलंय."