कोयत्यावरच्या लेकरांचा टप्पा कोणता?

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचे माणसाच्या वाढीचे आठ टप्पे तोंडपाठ केले होते. दीड वर्षापर्यंत विश्वास की अविश्वास, तीनपर्यंत स्वायत्तता की लाज, मग पुढाकार, शाळेच्या वयात उद्यमशीलता की न्यूनगंड... असं करत थेट म्हातारपणापर्यंत. बरोबर पर्यायाचा गोल काळा केला, विषय संपला. बीड जिल्ह्यातल्या शाळेवर रुजू झालो आणि तो तक्ता परत उघडावा लागला.

चौथीतली एक पोरगी. दिवाळीच्या सुमाराला आईबापाच्या कोयत्याबरोबर कारखान्याला गेली, ती गुढीपाडव्यानंतर आली. (आमच्याकडं ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. हत्यारावरून माणसं मोजायची.) भागाकार घातला तर मान वर करीना. मधल्या सुट्टीत सहज विचारलं, उचल फिटली का गं? (उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून तोडीआधी घेतलेले आगाऊ पैसे.) तिनं उचल, तोडलेले टन, मुकादमानं लावलेले खाडे, सगळं बोटांवर मांडून बाकी सांगितली. “नाही फिटली गुरुजी. दिवाळीला परत जावं लागतंय.”

सहा ते बारा वर्षांच्या लेकराला ‘मला हे जमतं’ असं वाटलं पाहिजे, नाहीतर न्यूनगंड घर करतो, असं एरिक्सन सांगतो. हिला तर किती जमतं! धाकट्याला सांभाळणं, कोपीवर, म्हणजे तोडीच्या मुक्कामाच्या झोपडीत, चूल पेटवणं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधणं. शाळेच्या प्रगतिपत्रकात त्याला रकाना नाही, एवढंच. न्यूनगंड ती उसाच्या फडातून घेऊन आलीच नव्हती. “सहा महिने बुडवल्यावर काय येणार हिला?” हे तिच्यादेखत मीच बोललो होतो.

एरिक्सननं १९५० च्या पुस्तकात हे टप्पे मांडले, त्याआधी तो अमेरिकेतल्या सू आदिवासींची मुलं बघून आला होता. घरची रीत एक, सरकारी शाळेची दुसरी, मधल्यामधी लेकराची ओढाताण. गाईडमध्ये हे कुठं असतं?

पाचवा टप्पा ‘मी कोण?’ या ओळखीचा. एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही. तरुणपणी चित्रं काढत युरोपात भटकला, विद्यापीठाची पदवी घेतली नाही, आडनावसुद्धा पुढं स्वतःच ठरवलं. म्हणून असेल, तरुणाला स्वतःला शोधायला थोडी मुदत पाहिजे, हे त्यानं ठासून सांगितलं. आमच्याकडं पोरीला ही मुदत मिळतच नाही; कोयता जोडीनं लागतो, म्हणून सोळाव्या वर्षीच अक्षता पडतात. आणि अशाच एखादीचा भाऊ संभाजीनगरच्या अभ्यासिकेत एकोणतिशीतही स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतोय. पोरगं काय करतंय? तयारी करतंय. त्याची मुदत संपता संपत नाही. त्याला मी दोष देत नाही, जागाच निघत नाहीत तर तो तरी काय करील.

जवळीक, पुढच्या पिढीची काळजी, हे मधले टप्पे कोपीत कधी येतात नि कधी जातात, विचारायची सोय नाही.

शेवटचा टप्पा आयुष्याकडं मागं वळून बघायचा. त्या पोरीच्या आजीला म्हटलं, आईबाप तोडीला गेलेल्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात नाव घालू, जेवण शाळेत, रात्री तुमच्याजवळ. आजी म्हणाली, “माझं गुडघं गेल्यात. आन् तिकडं धाकट्याला कोण बघंल?”

वसतिगृहाची यादी मंगळवारी द्यायची आहे. तिच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे.