‘सगळ्यांना चोवीस तासच मिळतात’ असं मुलांना सांगू नका

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यशस्वी माणसाला आणि अपयशी माणसाला २४ तासच मिळतात; पहाटे चारला उठा, रोज बारा तास वाचा, २१ दिवसांत सवय लागेल. मी मुंबईत कॉलेजच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. हा मेसेज वाचून चांगली कष्टाळू मुलं स्वतःला आळशी समजायला लागतात, याचा मला राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते २४ तास. माझ्या वर्गातली एक मुलगी बदलापूरहून येते. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, उतरल्यावरची चाल धरून जाता-येता तिचे साडेचार तास जातात. घरी गेल्यावर पाणी भरणं आणि धाकट्या भावाचं जेवण तिच्याकडेच. तिच्या शेजारी बसणारा मुलगा माटुंग्याचा, लेक्चर संपल्यावर अर्ध्या तासात घरी. आम्ही दोघींनी बसून तिचे रिकामे तास मोजले, ते तीन निघाले. वेळापत्रक या तीन तासांचं करायचं असतं. बाराचा आकडा समोर ठेवला तर ती रोज रात्री हरूनच झोपणार.

पहाटे चारबद्दल थोडक्यात. ती साडेअकराला पाठ टेकते. चारला उठली तर झोप साडेचार तास. झोपेच्या डॉक्टरांची अमेरिकेतली संस्था १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास सांगते, पुढे किमान ७. या वयात शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकलेलं असतं. शिवाय दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं व्हायला मोठी मदत होते ती झोपेची. ज्याला नऊला झोप येते त्याने खुशाल पहाटे उठावं.

खरं नुकसान करतो तो ‘बारा तास वाचा’ हा सल्ला. वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. पुढच्या प्रयोगात तर, सारखं वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री होती! परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं ओळखीचं वाटणारी मुलं पेपर हातात आल्यावर का गांगरतात, ते मला यातून कळलं.

हे न बघता आठवणं गाडीतही जमतं. कर्जतहून भरून येणाऱ्या गाडीच्या लेडीज डब्यात बदलापूरच्या त्या मुलीचा एक हात कडीला आणि दुसरा छातीशी धरलेल्या बॅगेवर असतो, वही काढायची सोयच नसते. डोंबिवली सुटली की ती डोळे मिटून आदल्या दिवशीचा धडा आठवते. एकदा मागणीच्या लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते त्याचे, पाच प्रकार आठवत होती, चार आले, पाचवा काही केल्या येईना. घाटकोपरला तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाल्यावर वही उघडली: एकक लवचीक. तिथे पेन्सिलने फुली मारली. संध्याकाळी अभ्यास सुरू होतो तो फुल्यांपासून, पहिल्या पानापासून नाही. तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने ती पुन्हा आठवते. एकदम चार तास बसण्यापेक्षा असं अंतर ठेवलेलं जास्त टिकतं.

राहिले २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. नाकाच्या ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. ‘निदान’ हा शब्द वाटेत गळला आणि चेहऱ्याच्या जागी अभ्यास आला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या, त्याचा अहवाल २०१० सालचा. त्यात साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४वर गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी ‘मला जमतच नाही’ म्हणून वही मिटणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी गाड्या रखडल्या, ती रात्री दहाला घरी पोचली आणि काहीच अभ्यास झाला नाही. बुधवारी डोंबिवली सुटल्यावर तिने डोळे मिटले आणि सोमवारच्या धड्यापासून सुरुवात केली.