कॅमेरे आठ, चेहरा एकातही नाही

"फुटेज आहे, फक्त जरा क्लिअर करून दे."

कॅमेरे आणि कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून असे मेसेज मला अधूनमधून येतात. सोबतची क्लिप नेहमी सारखीच असते. मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेली. काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, मागे कुणीतरी "तो बघ, तो बघ" म्हणतंय, आणि वरच्या कोपऱ्यातून एक टोपी आडवी सरकते. टोपीखाली माणूस होता, यापलीकडे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि ते क्लिअर तर कशानेच होत नाही. जे मुळात नोंदलंच गेलं नाही ते मी आणू कुठून?

कमी पैशात पुरावा म्हणून टिकेल असं फुटेज मिळू शकतं, हे माझं ठाम मत आहे. त्यासाठी खरेदी मात्र उलट्या टोकाकडून करावी लागते. कोणत्या जागी कोणाचा चेहरा ओळखू यायला हवा, हे आधी ठरवायचं. मग लेन्स, मग उजेड, मग साठवण, आणि मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक खोक्यावरच्या मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

आता थोडं गणित. कंटाळा करू नका, सगळा पैसा इथेच वाचतो.

पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत साधा हिशेब दिलाय. चित्रात एक मीटर रुंदीच्या जागेला किती पिक्सेल येतात ते मोजायचं. २५ आले तर "कुणीतरी आहे" एवढं कळतं. १२५ आले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर २५० लागतात. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरला, तर २५० च्या हिशेबाने त्याच्या वाट्याला ४० पिक्सेल येतात. चाळीस! एवढ्यावर सगळा खेळ.

आता चार मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. त्याला भागिले २५०, म्हणजे जिथे दृश्याची रुंदी सव्वादहा मीटरच्या आत आहे तिथपर्यंतच चेहरा पक्का मिळणार. स्वस्त कॅमेऱ्यांत सर्रास येणारी २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य दाखवते. तिच्यापुढे एवढी रुंदी चार-साडेचार मीटरवरच भरते. म्हणजे फाटक दहा मीटरवर असेल तर फाटकावरचा माणूस तुम्हाला फक्त चालताना दिसणार. त्याच कॅमेऱ्यात ६ मिलिमीटरची लेन्स असती तर तोच चेहरा दहा मीटरवरही मिळाला असता. लेन्स बदलून घ्यायला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, खरेदी करताना तेवढं सांगावं लागतं. याउलट चारऐवजी आठ मेगापिक्सेल घेतलेत, तर पिक्सेल दुप्पट होऊनही अंतर जेमतेम दीडपट वाढतं. वर लहान सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की रात्रीचं चित्र आणखी मातकट होतं. काही अगदी स्वस्त मालावर "४के" छापलेलं असतं आणि आत सेन्सर निम्म्या रुंदीचा असतो, चित्र फक्त ताणून मोठं केलेलं. तेव्हा खोकं न वाचता सेन्सरचा तपशील वाचा.

म्हणून माझा सल्ला लोकांना कंजूषपणाचा वाटतो. आठ कॅमेऱ्यांऐवजी तीन घ्या. एक रुंद दृश्याचा, कोण कुठून आला आणि कुठे गेला ते दाखवणारा. आणि एक अरुंद दृश्याचा, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं अशा चिंचोळ्या जागी रोखलेला: दार, जिन्याची सुरुवात, गल्ल्यासमोरची जागा. हा दुसरा कॅमेरा पहिल्या मजल्याच्या उंचीवर टांगू नका. कुणी तोडेल या भीतीने लोक तो वर नेतात आणि मग वर्षभर टकलं आणि टोप्या रेकॉर्ड करत बसतात. डोक्यापेक्षा थोडा वर पुरे, म्हणजे चेहरा समोरून येतो. तिसरा या दोघांवर नजर ठेवायला. कुणी तोडलाच तर तोडणारा त्यात येतो.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक तक्रारी रात्रीच्याच असतात. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बऱ्याचदा सेकंदाचा पंचविसावा भाग. साध्या चालीने चालणारा माणूस तेवढ्या वेळात पाच-साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग पुसट होतो. पळणारा तर वीस सेंटीमीटर जातो, चेहराच उरत नाही. स्थिर चित्र छान दिसतं म्हणून लोक फसतात. भिंत छान दिसते, कुंडी छान दिसते, माणूस तेवढा धुरासारखा. उपाय महागडा कॅमेरा हा नाही, दारावर एक बरा दिवा हा आहे. हालचाल झाली की लागणारा असेल तर उत्तम. मग शटर हाताने एक शतांश सेकंदावर आणून ठेवा. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या भरवशावर राहायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. अगदी जवळचा चेहरा त्या प्रकाशात पांढरा फटक होतो, आणि कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं की रात्रभर फक्त जाळंच उजळून दिसतं. महिन्यातून एकदा फडकं मारा. खोटं वाटेल, पण देखभालीत याच्याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही.

वायरलेस आणि बॅटरीवरचे कॅमेरे मला पुराव्यासाठी आवडत नाहीत. झोपलेला कॅमेरा हालचाल जाणवल्यावर जागा होतो, तोवर पहिली दोन-तीन सेकंदं निघून जातात. नेमका चेहरा त्याच सेकंदांत असतो. भाड्याच्या जागेत वायर ओढता येत नसेल तर ठीक, नाहीतर एकाच केबलमधून वीज आणि डेटा नेणारा पीओई कॅमेराच घ्या. ऑनव्हिफ हे सामाईक मानक पाळणारा घेतलात तर उद्या रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा आणला तरी सहसा जमतं.

साठवणीचा हिशेब कुणीच करत नाही. चार मेगाबिट प्रति सेकंदाने अखंड चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. असे चार असतील तर एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. सामान कपाटातून गेलंय हे पंधरा दिवसांनी लक्षात आलं तर? एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत रेकॉर्ड केलं तर तेवढ्याच दर्जाचं चित्र जुन्या एच.२६४ पेक्षा साधारण निम्म्या जागेत बसतं, तेव्हा ते चालू करा. डिस्क सतत लिहिण्यासाठी बनवलेली घ्या. रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या खालीच, समोर चमकत ठेवू नका, चोर तोही उचलून नेतो. आणि अधूनमधून मागच्या आठवड्यातली एखादी वेळ काढून चालवून बघा. स्क्रीनवर थेट चित्र दिसतंय याचा अर्थ ते डिस्कवर उतरतंय असा होत नाही. डिस्क कधीच मेलेली असते आणि ते कळतं नेमकं गरजेच्या दिवशी.

पासवर्डबद्दल एकच आठवण करून देतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच स्वस्त कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक टाकून. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांच्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास नीट उघडत नव्हत्या. ज्या रेकॉर्डरमध्ये कुणीही शिरू शकत होतं, त्यातल्या फुटेजला छेडछाड झाली नाही हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

इथून पुढे खरा पुराव्याचा भाग. घटना घडली की लोक सगळ्यात आधी क्लिप ग्रुपवर टाकतात. माझ्या मते ही सगळ्यात वाईट गोष्ट. मेसेजिंग अ‍ॅप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं, ते चाळीस पिक्सेल तिथेच चिरडले जातात. वर ज्याची साक्ष उद्या लागणार आहे, त्याने ती क्लिप वीस वेळा पाहिलेली असते. "तुम्ही त्या रात्री पाहिलेला माणूस ओळखताय की क्लिपमधला?" असं वकिलाने विचारलं तर उत्तर काय?

त्याऐवजी असं करा. रेकॉर्डरच्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि मोबाईलवरचं घड्याळ शेजारी-शेजारी धरून दोन्ही एका फोटोत घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागे सरकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. फरक किती हे त्याच दिवशी नोंदवलं तर अडचण येत नाही. ते घड्याळ दुरुस्त मात्र आत्ता करू नका, आधी फुटेज काढून घ्या. पुढच्या वेळेसाठी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करून ठेवा. मग रेकॉर्डरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसकट, पेन ड्राइव्हवर उतरवा. घटनेच्या आधीची आणि नंतरचीही पंधरा-वीस मिनिटं घ्या, सगळ्या कॅमेऱ्यांची. "नको तो भाग" कापू नका. नको तो भाग कोणता, हे तुम्ही ठरवायचं नसतं.

फाइल उतरली की तिचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काढून ठेवा. कॉम्प्युटरवर फुकट निघतो. एसएचए-२५६ घेतला तर अक्षर-अंकांची ६४ वर्णांची ओळ मिळते आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. हे काही तज्ज्ञांचं खूळ नाही. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांत डिसेंबर २०१७ पासून अशा पडताळणीवर आधारलेलं प्रमाणपत्र चालतं. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅशची जागा ठेवली आहे. सोबत एक कागद: कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून काढलं, कोणाच्या हाती दिलं. प्रकरण गंभीर असेल तर डिस्कच काढून बाजूला ठेवा आणि नवी घाला. डिस्कचा खर्च खटला हरण्यापेक्षा कमीच असतो.

आणि ते "क्लिअर करणारं" एआय? लांबच ठेवा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने एआयने सुधारलेला व्हिडिओ आणला गेला. न्यायालयाने तो नाकारला. सॉफ्टवेअर नवे पिक्सेल अंदाजाने भरतं, आणि अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अंधुक फुटेजचं दुसरं टोक त्याहून भयंकर आहे. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी एका माणसाला त्याच्या घरासमोर, बायको-मुलींदेखत बेड्या घातल्या. दुकानातल्या चोरीच्या फुटेजमधलं एक धूसर चित्र चेहरा जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं होतं आणि त्याने याचा जुना लायसन्सवरचा फोटो पुढे केला. माणूस चुकीचा होता. वाईट कॅमेरा नुसता निरुपयोगी असतो असं समजू नका, तो निरपराध माणसालाही गोवू शकतो.

फुटेज चांगलं असलं तरी ते स्वतःहून बोलत नाही, हेही सांगून टाकतो. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेली मारहाण एका रहिवाशाने कॅमकॉर्डरवर टिपली. जगाने ती पाहिली. पुढच्या वर्षी खटल्यात बचावपक्षाने तीच टेप एकेक चौकट थांबवत, संथ चालवत ज्यूरीला दाखवली, आणि मारहाणीच्या जवळपास सगळ्या आरोपांतून पोलीस सुटले. उलटंही घडतं. २०१६ मध्ये 'पीएनएएस' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की तीच कृती संथ गतीत पाहिली की बघणाऱ्याला ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटते. म्हणून संथ क्लिप कुणी दाखवली की मी आधी मूळ वेगाने चालवायला सांगतो.

शेवटचा मुद्दा रस्त्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यांचा. चेक प्रजासत्ताकात एका माणसाच्या घराच्या काचा वारंवार फुटत होत्या. त्याने वळचणीखाली कॅमेरा लावला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री गलोलीने पुन्हा काच फुटली आणि फुटेजवरून दोन संशयित सापडले. त्यातल्या एकाने उलट तक्रार केली आणि दंड झाला कॅमेरावाल्यालाच! प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल आला: सार्वजनिक रस्ता टिपणारा घरचा कॅमेरा ही निव्वळ घरगुती बाब धरता येत नाही, मात्र घर आणि कुटुंब वाचवण्याचं कारण वैध हित म्हणून विचारात घेता येतं. मला हा निकाल पटतो, त्या माणसाबद्दल वाईट वाटूनही. देशोदेशी नियम वेगळे आहेत, पण शेजाऱ्याची खिडकी दृश्यात येत असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने ती झाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा, कारण अनेक ठिकाणी संभाषण टिपण्याचे नियम चित्रापेक्षा कडक असतात. आणि कॅमेरा असल्याची पाटी दिसेल अशी लावा.

"मग मॉडेल कुठलं घेऊ?" असं खाली विचारणार असाल, तर दाराची रुंदी, कॅमेऱ्यापासून दारापर्यंतचं अंतर आणि रात्री तिथे दिवा असतो की नाही, हे तिन्ही लिहा. त्याशिवाय मी उत्तर देणार नाही.