चिखलदऱ्याचा फ्लॅगस्टाफ करायचा असेल तर

मे महिना लागला की आमच्या अमरावती-अकोल्याकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन वाद हमखास पेटतात. पहिला चिखलदऱ्याचा. तिथला काचेचा स्कायवॉक इतकी वर्षं परवानग्यांत का अडकला, वनखातं विदर्भाच्या मुळावर का उठलंय, महाबळेश्वरला मिळतं ते आम्हाला का नाही, वगैरे. दुसरा वाद अकोल्याच्या 'त्या' आदेशाचा. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत चक्क कलम १४४ लावलं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असा तो आदेश होता. त्यावर 'आता सूर्यालाही जमावबंदी' छापाचे विनोद अजून फिरतात.

पहिल्या वादात नेहमी माझी साक्ष काढली जाते. मी अमेरिकेत, अॅरिझोनात फिनिक्सला राहते आणि जुलै उजाडला की लॅपटॉप, कुकर आणि डाळतांदूळ गाडीत टाकून फ्लॅगस्टाफ हे डोंगरावरचं गाव गाठते. हिवाळ्यात तिथे लोक स्कीइंगला येतात, उन्हाळ्यात आमच्यासारखे पळपुटे. "ताई, तूच सांग यांना, तिकडे डोंगरावर कसं सगळं करून ठेवलंय!" असं मावसभाऊ लिहितो.

तर सांगते.

फिनिक्स समुद्रसपाटीपासून अकराशे फुटांवर आहे, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर. मधलं अंतर जेमतेम २३० किलोमीटर. दोन-अडीच तासांत निवडुंग संपतात, पाइनची झाडं लागतात आणि गाडीतला आकडा बारा-पंधरा अंशांनी उतरतो. जुलैत फ्लॅगस्टाफचं दुपारचं तापमान साधारण २८ अंशांच्या आसपास असतं. खाली काय असतं, तेही सांगायला हवं. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर होता. त्यातल्या सलग १६ रात्री तर तो ३२ च्या खालीच आला नाही. अकोल्याला निदान पहाटे गच्चीवर वारा सुटतो. इथे पहाटसुद्धा भाजते. डांबरी रस्त्यावर नुसते पडून लोक भाजतात आणि इस्पितळात दाखल होतात. त्या एका वर्षात फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे उष्णतेनं ६४५ माणसं दगावली. त्यातली निम्म्याच्या आसपास बेघर होती.

त्यामुळे फ्लॅगस्टाफला आलं की जीव निवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाड्याच्या घरात एसी नाही, खिडक्या उघड्या, रात्री पांघरूण लागतं. गावाबाहेर अॅरिझोना स्नोबोल नावाचं स्की-केंद्र आहे. तिथली गोंडोला, म्हणजे तारेवरून सरकणारा बंद पाळणा, उन्हाळ्यात पर्यटकांना साडेअकरा हजार फुटांवर नेते आणि जुलैत स्वेटर घालून फोटो काढता येतात. शिवाय दुपारी तीनच्या सुमाराला ढग भरून येतात. इथलेही त्याला मान्सूनच म्हणतात, आणि वैदर्भी माणसाला भज्यांची आठवण व्हायला तेवढं पुरे.

आता फोटोत न येणारा भाग.

मी ज्या घरात उतरते त्याच्या दाराला कुलूप नाही, आकड्यांची कळपट्टी आहे. मालक खाली फिनिक्सकडेच कुठेतरी राहतो, मी त्याला पाहिलेलंही नाही. घर झाडायला येणारी बाई विन्स्लोहून येते, गाडीनं तासाभराच्या अंतरावरून, कारण फ्लॅगस्टाफमध्ये भाडं परवडत नाही. विन्स्लो दोन हजार फूट खाली, बऱ्यापैकी तापणारं. म्हणजे माझ्या पलंगावर थंडाव्यातल्या चादरी घालून ती उन्हात परत जाते. हे तिच्या एकटीचं दुर्दैव नव्हे. २०२० च्या डिसेंबरात शहराच्या कौन्सिलनं घरांच्या बाबतीत रीतसर आणीबाणी जाहीर केली. त्याआधी २०१६ मध्ये राज्यानं कायदा करून ठेवला होता, की सुट्टीपुरती भाड्यानं दिली जाणारी घरं बंद करण्याचा अधिकार शहरांना नाही. गाव तिथल्यांचं, घरं पाहुण्यांची, आणि बोलायची सोय नाही. विद्यापीठ, पर्यटन, इतरही कारणं आहेत. पण आमच्यासारखी उन्हाळी बिऱ्हाडं त्यात नाहीत असं कुणी म्हणू नये.

आणि तो डोंगर. सॅन फ्रान्सिस्को शिखरं नवाहो, होपी आणि इतर मिळून तेरा आदिवासी जमातींना पवित्र आहेत. बर्फ बेभरवशाचा झाला म्हणून स्की-केंद्रानं कृत्रिम बर्फ करायचं ठरवलं, आणि तोही शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून. देवाच्या डोंगरावर गटाराचं पाणी! जमाती कोर्टात गेल्या. एकदा जिंकल्याही. मग २००८ मध्ये मोठ्या खंडपीठानं निकाल फिरवला. श्रद्धेचं समाधान कमी झालं म्हणजे धर्माचरणावर मोठा बोजा पडला असं होत नाही, हा त्यातला सूर. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. काही वर्षांत तो बर्फ डोंगरावर पडू लागला. गोंडोलातून खाली बघताना यातलं काहीच दिसत नाही.

दिसतात त्या वाळूच्या गोण्या. २०१९ मध्ये गावाच्या डोक्यावरच्या डोंगराला वणवा लागला. झाडं गेली, माती भाजून निबर झाली, पाणी मुरेना. २०२१ च्या जुलैत मान्सूनच्या सरी आल्या आणि खालच्या वस्तीतून काळा लोंढा गाड्या वाहून घेऊन गेला. ती वस्ती श्रीमंतांची नाही. तिथे घरांच्या कुंपणाशी गोण्यांच्या भिंती रचलेल्या मी पाहिल्यात, आणि आकाश काळवंडलं की लोक भज्यांचा विचार करत नाहीत, गाडी उंचावर नेऊन लावतात.

म्हणून मावसभावाला माझं म्हणणं, तुला जे 'करून ठेवलेलं' दिसतं, त्याचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फाटलेलं आहे. विदर्भाच्या अनुशेषाचं दुखणं खोटं नाही. अमरावतीच्या माणसानं मे महिन्यात कुठे जावं, हा प्रश्न रास्तच आहे. पण चिखलदरा अमरावतीपेक्षा उंच आहे तो सातशे-आठशे मीटरच. त्या हिशेबानं पाच अंशांचा दिलासा. खाली ४५ असेल तर वर चाळीस. स्कायवॉक काचेचा केला म्हणून हवा थंड होत नाही. आणि त्या पाच अंशांसाठी वर चढणाऱ्या गर्दीला पाणी कुठून देणार? ज्या मेळघाटात उन्हाळ्यात गावांना टँकर लावावे लागतात, तिथून?

यातली मला सर्वात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. होळीनंतर मेळघाटातली कोरकू कुटुंबं मजुरीसाठी घाट उतरतात. वीटभट्ट्या, बांधकामं, जिथे मिळेल तिथे. पेरणीच्या तोंडावर परत येतात. ऐन उन्हाळ्यात, ज्या रस्त्यानं आपण थंड हवेसाठी वर जातो, त्याच रस्त्यानं डोंगरावरचा माणूस आपल्या गावच्या उन्हात राबायला खाली आलेला असतो. विन्स्लोची बाई आणि परतवाड्याच्या भट्टीवरचं जोडपं यांची तुलना फार ताणू नये, पण ग्रुपवर दोघांबद्दलही कुणी बोलत नाही, एवढं खरं.

आणि इथेच मला तो दुसरा वाद, कलम १४४ चा, पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. अमेरिकेत आज भांडण नेमकं यावर चाललंय. फिनिक्सनं २०२४ च्या मार्चमध्ये नियम केला, की शहराचं काम घेणाऱ्या कंत्राटदारानं उन्हात राबणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती द्यायचीच. उलट टेक्सासनं २०२३ मध्ये आणि फ्लोरिडानं २०२४ मध्ये असे स्थानिक नियम करायलाच शहरांना मज्जाव करणारे कायदे केले. श्रीमंत देशात मजुराच्या पाण्याच्या सुट्टीवरून विधिमंडळं झुंजतायत, आणि अकोल्याचा एक जिल्हाधिकारी तेच लेखी मागतो तेव्हा आपण हसतो.

हसण्यासारखं काही असेल तर ते त्या आदेशाचं आयुष्य. आठवडाभराचा कागद. भट्टीवर जाऊन पंखा आहे का ते कोण बघणार? नाक्यावर उभ्या मजुराला कंत्राटदाराविरुद्ध तक्रार करायला कोण सांगणार? तो आदेश दरवर्षी मार्चपासूनच लागू व्हावा, तपासायला माणूस असावा, दुपारचे बुडालेले तास मजुरीतून कापू नयेत, या मागण्यांसाठी ग्रुपवर निम्म्याने तरी जोर लागला असता तर मीही रात्र जागून वाद घातला असता.

मावसभावाचं उत्तर आलं, "ते सगळं ठीक आहे ताई, पण स्कायवॉक व्हावा की नाही?" बाबा रे, वनखात्याची आणि वाघांची हरकत निकालात निघाली तर होऊ दे. मीही तिकीट काढीन. फक्त मे महिन्यात त्या पुलाच्या लोखंडावर दुपारी बारा ते चार कुणाला चढवणार नाही, हे कंत्राटात आधी लिहून घ्या.